कांचनजुंगा नीट बघायचा असेल तर मुक्काम कुठे करावा?

वैदेही_ठाणे

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंग-सिक्कीमला जायचं ठरतंय. आई-बाबा (दोघंही सत्तरीचे), आम्ही दोघं आणि सातवीतली लेक. बाबा भूगोलाचे शिक्षक होते. आयुष्यभर फळ्यावर हिमालय काढला, पण डोळ्यांनी कधी बघितला नाही. त्यांची मागणी एकच आहे, कांचनजुंगा. बाकी धबधबे, मठ, नथुला राहिलं तरी चालेल म्हणतात.

टूरवाल्यांनी दिलेला आराखडा: गंगटोक ३ रात्री, लाचुंग १, पेलिंग १, दार्जिलिंग २, आणि निघायच्या दिवशी पहाटे टायगर हिल. शेजारच्या काकू मे महिन्यात जाऊन आल्या, त्यांना सगळ्या सहलीत ढगांशिवाय काही दिसलं नाही. तसं बाबांचं व्हायला नको. कुठून बघावा, किती दिवस ठेवावेत, सविस्तर सांगा.

भटका_नाशिककर

पेलिंग. आणि एक नाही, तीन रात्री.

अनघा_पुणे

वैदेहीताई, आराखडा वाचून काळजी वाटली म्हणून जरा लांबलचक लिहिते.

यात गाडीतले तास फार आहेत. गंगटोक ते लाचुंग हा जवळपास अख्ख्या दिवसाचा प्रवास, तेवढाच परत. गंगटोक ते पेलिंग पाच-सहा तास. म्हणजे ज्या वेळी डोंगर मोकळा असतो त्या वेळी तुम्ही बॅगा बांधत असणार, नाहीतर घाटात असणार. कांचनजुंगा बघायचा तर ठिकाणं कमी आणि पहाटा जास्त, असं नियोजन हवं. एका ठिकाणी एकच रात्र राहिलात आणि नेमकं त्या दिवशी आभाळ भरलं, की संपलं. तीन रात्री राहिलात तर तीन पहाटा मिळतात, आणि नोव्हेंबरात तीनपैकी एक तरी बहुधा साधते.

आता पेलिंगच का? दार्जिलिंगहून हा पर्वत सरळ रेषेत साधारण ७५ किलोमीटरवर आहे, पेलिंगहून ४५ वर. पेलिंग २,१०० मीटरच्या आसपास, शिखर ८,५८६ मीटर. एवढा उंच डोंगर इतक्या जवळ असला की मान थोडी वर करावी लागते. कोकथांग, राथोंग, काब्रू, मग कांचनजुंगा, आणि उजवीकडे पांडिमचा एकटा उभा त्रिकोण. बाबांना नकाशा हातात घेऊन एकेक शिखर ओळखता येईल.

अप्पर पेलिंगच्या हेलिपॅडच्या आसपास राहा. खालच्या पेलिंगमध्ये काही ठिकाणी समोरची इमारत आड येते. खोली घेताना फोन करून स्पष्ट विचारा: खोलीच्या खिडकीतून दिसतं, की गच्चीवरून? ‘माउंटन व्ह्यू’ असं सगळेच लिहितात. आई-बाबांसाठी खिडकीतूनच दिसायला हवं, कारण पहाटे साडेपाचला गच्चीवरचा गारठा त्यांना झेपेलच असं नाही.

दुपारी डोंगर झाकला की जायला जागा आहेतच. पेमायांगत्से मठ जवळ आहे. त्याच्याजवळ राब्देन्त्सेचे अवशेष आहेत, १६७० ते १८१४ या काळात ही सिक्कीमची राजधानी होती. गाडीतळापासून आत जंगलातून चालत जावं लागतं, चढउतार आहे. तिथेही सकाळी लवकर गेलात तर चौथऱ्यांच्या मागे हिमशिखरं दिसतात.

शिरीष_बेळगाव

अनघाताईंचं पटतं, पण दार्जिलिंगला कमी लेखू नका. पेलिंगहून डोंगर जवळ दिसतो, दार्जिलिंगहून तो पूर्ण दिसतो. डावीकडे कुंभकर्ण, मध्ये काब्रू आणि कांचनजुंगाची सगळी शिखरं, उजवीकडे पांडिम, आणि खाली रंगीत नदीच्या खोऱ्यापर्यंत उतरत गेलेल्या रांगा. दरीच्या तळापासून माथ्यापर्यंतची सगळी उंची एका नजरेत मावते. हे मला पेलिंगपेक्षा जास्त भावलं.

आणि त्यासाठी टायगर हिल लागत नाही. चौरस्ता या दार्जिलिंगच्या मुख्य चौकापासून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा मॉल रोड आहे. गाड्यांना बंदी, रस्ता जवळजवळ सपाट, मध्ये मध्ये बाकं. टेकडीच्या मागच्या बाजूला गेलं की उत्तरेकडे काहीच आड येत नाही. स्थानिक म्हातारी माणसं रोज पहाटे तिथे फेऱ्या मारतात, तुमच्या आई-बाबांनाही सहज जमेल. चौरस्त्याच्या जवळ राहा म्हणजे पहाटे गाडी शोधावी लागणार नाही. फक्त तिथवर गाड्या जात नाहीत, सामानासाठी हमाल करावा लागतो, आणि बाकीचं दार्जिलिंग चढउताराचं आहे. गुडघे दुखत असतील तर हॉटेल चौरस्त्याच्या पातळीवरचंच बघा.

वैदेही_ठाणे

दोघांचेही आभार. आईचे गुडघे खरंच दुखतात, म्हणून मॉल रोडची माहिती फार कामाची. पण टायगर हिल अजिबातच नको का? बाबांनी त्याबद्दल खूप वाचलंय.

भटका_नाशिककर

माझ्या मते नको. पहाटे साडेतीनला उठवतात, मग जीपची रांग, मग गर्दीतून मोबाइलचे हात चुकवत बघायचं. सत्तरीच्या माणसांना उभं राहायला धड जागा मिळत नाही.

सांगलीकर

गर्दीचं खरं आहे, तरी मी टायगर हिलच्या बाजूने बोलेन. उंची साधारण २,५९० मीटर, म्हणजे दार्जिलिंगपेक्षा पाचशे मीटर वर. त्या उंचीमुळे सिंगलीला रांगेच्या डोक्यावरून पलीकडचं दिसतं, आणि हवा स्वच्छ असेल तर वायव्येला एव्हरेस्टचं टोक दिसतं. अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त. शेजारचा मकालू त्याच्याहून उंच वाटतो, कारण तो अलीकडे आहे. भूगोलाच्या शिक्षकाला हे स्वतः बघण्यात केवढा आनंद होईल!

ठरवायचं मात्र आदल्या रात्री, आभाळ बघून. झोपायच्या आधी उत्तरेकडे बघा. क्षितिजालगतच्या चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर जा. नसतील तर दुसऱ्या दिवशीवर टाका. म्हणून टायगर हिल सहलीच्या अगदी शेवटच्या पहाटेला ठेवू नये, दार्जिलिंगच्या पहिल्या सकाळपासून तो पर्याय मोकळा हवा. गाड्यांवर मर्यादा असते आणि कुपन लागतं, त्यामुळे हॉटेलवाल्याला संध्याकाळीच विचारून ठेवा.

फोटोसाठी एक गोष्ट सांगतो, ती नुसतं बघणाऱ्यालाही उपयोगी आहे. कांचनजुंगा दार्जिलिंगच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. नोव्हेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो, त्यामुळे आपल्याकडची बाजू सकाळी उजवीकडून उजळते आणि संध्याकाळी डावीकडून. सगळे पहाटे बघतात आणि संध्याकाळ विसरतात. ढग हटले तर साडेचार ते पाचच्या दरम्यान तांबूस-केशरी रंग येतो, आणि तेव्हा मॉल रोडवर पहाटेपेक्षा निवांत असतं. गंगटोकहून मात्र तो वायव्येला आहे, तिथे सकाळचाच प्रकाश चांगला, संध्याकाळी नुसती काळी आकृती उरते.

पहाटे उन्हं येतानाची सुरुवात चुकवू नका. सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच जागेवर असा. दरीत अंधार असतो आणि सर्वांत उंच टोकावर पहिला ठिपका पेटतो, मग रंग हळूहळू खालच्या शिखरांवर उतरतो. उंचीचा क्रम तेव्हा आपोआप कळतो. बर्फ पांढराफटक येऊ नये म्हणून कॅमेऱ्यात उजेड थोडा कमी ठेवा.

आर्द्रा

हवामान हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून ढगांबद्दल थोडं.

तीस्ता आणि रंगीतची खोरी फार खोल आहेत, तळाशी समुद्रसपाटीपासून काहीशेच मीटर. ऊन चढलं की उतार तापतात, खोऱ्यातली दमट हवा उताराला धरून वर सरकते, वर जाऊन थंड होते आणि ढग बनतो. चांगल्या दिवसांतही नऊ-दहानंतर शिखरं झाकली जातात ती यामुळे. संध्याकाळी उतार निवले की हवा खाली बसते आणि डोंगर पुन्हा उघडतो. म्हणजे दुपारी दिसला नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही, त्या वेळी तो बहुधा दिसतच नाही.

महिन्यांचं सांगायचं तर ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबरचा पूर्वार्ध सर्वांत भरवशाचा. पावसाने हवा धुतलेली असते आणि आर्द्रता उतरलेली असते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यावर मी फार विसंबणार नाही, मोसमी पाऊस पूर्ण परतलेला नसतो आणि बंगालच्या उपसागरातलं एखादं वादळ आठवडाभर आभाळ झाकून टाकतं. त्यामुळे दिवाळी कोणत्या तारखेला येते ते महत्त्वाचं. मार्च-एप्रिलमध्ये मैदानातली धूळ आणि वणव्यांचा धूर यांनी क्षितिज गढूळ होतं, आकाश निळं असूनही डोंगर दिसत नाही. मे महिन्यात दुपारची वादळं सुरू होतात. आपल्याकडे शाळांच्या सुट्टीमुळे बहुतेक कुटुंबं मे महिन्यातच जातात, आणि ‘दार्जिलिंगहून काही दिसत नाही’ हा समज तिथूनच पसरला आहे. मेमध्येही रात्री जोराची सर येऊन गेली की दुसऱ्या पहाटे अर्धा-पाऊण तास लख्ख दिसू शकतं, पण त्यावर सहल आखू नये.

आणखी एक. दिवाळी अमावास्येची, तेव्हा आकाशगंगा दिसेल पण बर्फावरचं चांदणं नाही. कुणाला ते बघायचं असेल तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जावं.

तीस्ताकाठ

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सिलिगुडीत राहते. आर्द्रा यांनी लिहिलंय ते आम्ही दर वर्षी अनुभवतो. पावसाळा सरला की एखाद्या सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जावं तर उत्तरेला पांढरी भिंत उभी असते. बांगलादेशातल्या तेतुलियाहूनही दिसतो, तिथे त्या दिवसांत डोंगर बघायला माणसं लांबून येतात. त्यामुळे बागडोगरा विमानतळावर उतरल्यापासूनच उत्तरेकडे लक्ष ठेवा.

कमी गर्दीची जागा हवी असेल तर पश्चिम सिक्कीममधलं रिंचेनपोंग आणि त्याच्या शेजारचं कालुक. उंची पेलिंगपेक्षा कमी, थंडीही थोडी कमी, समोर अडथळा नाही. बाजार वगैरे फारसं नाही, संध्याकाळी सातला गाव झोपतं. मुलीला कंटाळा येईल का, ते तुम्ही बघा. कालिम्पोंगच्या बाजूला देवलो टेकडी आणि रामधुरा, इच्छेगाव, सिलेरीगाव इथले होमस्टे आहेत. तिथून डोंगर लांबचा, पण अंगणात खुर्ची टाकून बघता येतो आणि घरची दिदी गरम जेवण वाढते. मला स्वतःला रिंचेनपोंग सर्वांत आवडतं.

रस्त्यांबद्दल: सिलिगुडी-गंगटोक हा तीस्तेच्या काठचा राष्ट्रीय महामार्ग १० दरडींमुळे अधूनमधून बंद पडतो. ४ ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि उत्तर सिक्कीमच्या रस्त्यांची फार दैना झाली. लाचुंगला जायचंच असेल तर त्या आठवड्यातली रस्त्याची आणि परवान्यांची स्थिती विचारून मगच ठरवा. तुमची मागणी कांचनजुंगाचीच असेल तर मी लाचुंग सोडूनच देईन.

सह्यवेडा

कुणीच संदकफूचं नाव घेतलं नाही? ३,६३६ मीटर, पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार (एव्हरेस्ट, कांचनजुंगा, ल्होत्से, मकालू) एका जागी उभं राहून दिसतात. कुंभकर्ण डोकं, कांचनजुंगा पोट, पांडिम पाय अशी आडवी झोपलेली बुद्धाची आकृती, तीही इथूनच सर्वांत रेखीव. पुढे फालूतपर्यंत चालत गेलं तर आणखी जवळून. सिंगलीलाचा तो धारेवरचा रस्ता सह्याद्रीत फिरलेल्या कुणालाही जमण्यासारखा आहे, फक्त उंची आणि थंडी यांचा मान राखायला हवा.

चालायचं नसेल तर मानेभंज्यांगहून गाडी जाते, साधारण ३१ किलोमीटर. जुन्या लँड रोव्हर अजूनही आहेत. रस्त्याने हाडं खिळखिळी होतात आणि वर रात्री पाणी गोठतं.

आणि ज्यांचे पाय तरुण आहेत त्यांनी युकसोमहून झोंगरी-गोएचा ला हा ट्रेक करावा. तिथे आपण डोंगर लांबून बघत नाही, त्याच्या दारात जातो. पांडिम तर इतका जवळ येतो की हिमकडे कोसळल्याचा आवाज ऐकू येतो.

डॉ_माणगाव

सह्यवेडा, संदकफू सुंदर आहे यात शंका नाही, पण सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन तिथे रात्रीचा मुक्काम मी सुचवणार नाही. दार्जिलिंग किंवा पेलिंगला दोन हजार मीटरच्या आसपास बहुतेकांना उंचीचा त्रास होत नाही. संदकफूला गाडीने काही तासांत दीड हजार मीटर चढून आपण तिथेच झोपतो. डोकेदुखी, मळमळ, धाप सुरू झाली तर रात्री खाली उतरणं कठीण आणि रुग्णालय लांब. हृदयविकार, दमा, रक्तदाब असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलाच. हेच नथुलाबाबत: गंगटोक १,६५० मीटरवर आणि नथुला ४,३०० मीटरच्या वर, एका दिवसात जाऊन-येऊन. गुरुडोंगमार सरोवर तर पाच हजारांच्या वर. फक्त कांचनजुंगा बघायचा असेल तर यातल्या कशाचीच गरज नाही, आणि ही त्या पर्वताची मोठी कृपा आहे.

आईंना पायमोजे दोन जोड, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी. पहाटे उपाशीपोटी बाहेर पडू नये.

गिरिजा_सदाशिव

भूगोलाच्या सरांसाठी थोडं. १८५२ पर्यंत कांचनजुंगा हेच जगातलं सर्वोच्च शिखर समजलं जात होतं. सर्वेक्षणाची गणितं पूर्ण झाल्यावर तो तिसरा ठरला. २५ मे १९५५ रोजी चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड वर पोचले आणि माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले. सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता. सिक्कीमच्या लोकांसाठी हा रक्षक देव, पांग ल्हाबसोल या सणात त्याची पूजा होते. माथ्यावर पाय न ठेवण्याची रीत पुढच्या कित्येक गिर्यारोहकांनी पाळली. आज भारताच्या बाजूने चढाईला परवानगीच नाही.

आपल्या पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली मे २०१९ मध्ये नेपाळच्या बाजूने ही चढाई केली. लेकीला हे नक्की सांगा, आणि दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचं संग्रहालय दाखवा. प्राणिसंग्रहालयाच्याच आवारात आहे, गुरुवारी बंद असतं. आवारात चढ आहे, आईंना सावकाश न्या.

२०१६ पासून कांचनजुंगा राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशाच्या यादीत आहे, निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. दोन्हींवर निवडलं गेलेलं भारतातलं ते पहिलं ठिकाण.

वैदेही_ठाणे

बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मकालू-एव्हरेस्टचं ऐकून त्यांनी लगेच वही काढली आणि अंतरं मांडत बसले.

टूरवाल्यांशी बोलून लाचुंग आणि गंगटोक दोन्ही काढलं. आता असं ठरवतोय: बागडोगऱ्याहून थेट दार्जिलिंग, ३ रात्री, चौरस्त्याजवळ. आभाळ बघून त्यातली एक पहाट टायगर हिल. मग जोरथांगमार्गे पेलिंग, ३ रात्री, खिडकीतून दिसणारी खोली. तिथून रिंचेनपोंग १ रात्र आणि परत. संदकफू आम्ही दोघं पुन्हा कधीतरी करू. काही चुकतंय का?

अनघा_पुणे

उत्तम झालं. दार्जिलिंग-पेलिंग प्रवास सकाळी न्याहारीनंतर करा, दहाच्या सुमारास निघालात तरी अंधाराआधी पोचता. पहाट फुकट जात नाही.

भटका_नाशिककर

+१. टॉय ट्रेनची घूमपर्यंतची फेरी लेकीसाठी जरूर घ्या, पण सकाळची. बतासिया लूपवर गाडी थांबते आणि डोंगर उघडा असेल तर समोरच असतो.

तीस्ताकाठ

एकच बदल सुचवते. रिंचेनपोंगहून थेट विमानतळ गाठायचा बेत ठेवू नका. उतरायला पाच तास धरले तरी दरड पडली तर विमान चुकेल. शेवटची रात्र सिलिगुडीत काढा, त्यासाठी पेलिंगची एक रात्र कमी करू नका, हवं तर रिंचेनपोंग गाळा. दार्जिलिंगची आणि पेलिंगची खोली आत्ताच घ्या. दुर्गापूजेपासून दिवाळीपर्यंत कोलकात्याची गर्दी असते आणि डोंगराकडच्या खोल्या आधी जातात. मुंबईहून येताना विमानात डावीकडच्या खिडक्या घ्या, परतताना उजवीकडच्या.